दाखवायची चूल

आय, ती दाखवायची चूल शेवटी मोडली. दोघा भावांनी करावे गावातलं आपलं घर बिल्डरला दिलं आणि गेल्या आठवड्यात जेसीबीने ओटी, पडवी, मधली भिंत, सगळं सकाळच्या सकाळी सपाट केलं. मी मुद्दाम बघायला गेले होते. कुणी चुलीवर हळदकुंकू वाहिलं नाही, कुणी पाणी शिंपडलं नाही. तू असतीस तर जेसीबीपुढे आडवी झाली असतीस, आणि तरीही ती मोडलीच असती. तुझ्या आडवं होण्याने या घरात कधी काही थांबलं नाही.

नव्वदनंतरची ती वर्षं तुला आठवत असतील, मेलेल्या माणसाला काही आठवत असेल तर. गावात रेशनकार्ड वेगळी करून घ्यायची साथच आली होती. पलीकडे सोसायट्या उठत होत्या. तिथल्या दोन माणसांच्या घराला एक कार्ड आणि गॅसचा एक नंबर, आणि आपल्या एवढ्या मोठ्या खटल्यालाही तेवढंच. थोरल्याला ते फार खुपायचं. त्याने मला विचारलं, कारण मी बेलापूरला वकिलाच्या ऑफिसात टायपिंग करायचे, म्हणजे तुमच्या लेखी अर्धी वकीलच. मी साहेबांना विचारून सांगितलं, की एका छपराखाली राहून एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब. चूल वेगळी, तर कुटुंब वेगळं. आईबाप एकच आहेत का, ते कुणी विचारत नाही. थोरला हसला. "मग काय, दुसरी चूलच मांडू. इन्स्पेक्टर येऊन गेला का मोडून टाकू. टेन्शन कशाला?"

तू हसली नाहीस. चूल कोरी दिसायला नको, एवढंच थोरल्याचं म्हणणं होतं. चार कागद जाळून ती काळी केली असती तरी भागलं असतं. पण तू माती आणलीस, त्यात भाताचं तूस घालून मळलीस, पडवीत चूल घातलीस आणि सावलीत वाळू दिलीस. मग धाकट्या सुनेला न्हाऊन यायला लावलंस, आपल्या जुन्या चुलीतले निखारे तिकडे नेलेस आणि पहिलं दूध उतू घालवलंस. थोरला वैतागला. "आय, नाटक हाय ग हे!" निखाऱ्यांवर फुंकर घालत तू म्हणालीस, "तुझं नाटक आसल. चूल उपाशी ठेवायची नाय." इन्स्पेक्टर आला, वाकून बघितलं, चहा प्याला, गेला. कार्डं दोन झाली. दुसऱ्या दिवशी थोरला पहार घेऊन पडवीत गेला, तर तू चुलीपुढे फतकल मारून बसलेली. "पेटवलेली चूल मोडली का घर मोडतं," म्हणालीस. गावातल्या बाकीच्यांनी आपापल्या दाखवायच्या चुली केव्हाच उकिरड्यावर टाकल्या. आपल्याकडे ती देवाधर्माने राहिली. मला तुझा राग येतो तो इथे, आय. इतकी वर्षं झाली तरी येतो.

कारण चूल राहिली म्हटल्यावर ती रोज काहीतरी मागायला लागली. आधी धाकटी वहिनी तिच्यावर पोरांपुरता चहा टाकायची, मग पोरांना आवडतं म्हणून एखादं कालवण, मग दोन्ही वेळचा भात. दोन्हींकडे गॅस आला तेव्हा मधे प्लायवूड लागलं होतं, आणि प्लायवूडची भिंत व्हायला वेळ लागला नाही. भावांचं मोठं भांडण असं झालंच नाही. झालं असतं तर मिटवता तरी आलं असतं.

तुझं नाव थोरल्याच्या कार्डावर लागलं. बाबा होते तेव्हा बाहेर तुला "आमचं कुटुंब" म्हणायचे. "कुटुंब तापानं पडलंय," असं सांगून मिठागरावरून लवकर यायचे. तू एकटी म्हणजे त्यांचं अख्खं कुटुंब. आता भिंतीपलीकडून धाकट्याची पोरं "आजी, जेवाला ये" अशी हाक मारायची आणि थोरली वहिनी भांडं आपटायची. "तुमचं नाव आमच्याकडं हाय, मंग तिकडं ताट कशाला?" धाकटीही काही कमी नव्हती. "तुमचं रेशन तर तिकडं जातं," असं ती वाढता वाढता म्हणायची. मग तू युक्ती काढलीस. थोरलीला सांगायचीस धाकटीनं वाढलं, धाकटीला सांगायचीस थोरलीकडं जेवले. दोघींनी विश्वास ठेवला. सोयीच्या गोष्टीवर कोण विश्वास ठेवत नाही?

एका रविवारी मी नेरूळहून भाकरी आणि सुकटीची चटणी घेऊन आले, तेव्हा मला कळलं. तू ओटीवर पाठमोरी बसून खाल्लीस, आणि पदराने तोंड पुसून विचारलंस, "आजून हाय का ग?" जन्मात कधी मागून न खाणारी तू! माझ्याकडे चल म्हटलं तर म्हणालीस, "दोन ल्योक आसून लेकीच्या दारात ऱ्हाऊ? लोक त्यांच्या तोंडात शेन घालतील." शेवटी मी साहेबांना विचारलं, अशी आई कायद्याने कुणाची? त्यांनी मानही वर केली नाही. "कार्डावर नाव आहे ना? मग त्या कुटुंबात. अडचण काय?" अडचण काहीच नव्हती. तू वाळत गेलीस आणि एका सकाळी ओटीवरच गेलीस.

मयताच्या घरी चूल पेटत नाही. आपल्या आळीत ही रीत पोराटोरांनाही ठाऊक. तुला नेल्यावर आम्ही बायका न्हाऊन थोरल्याकडे बसलो होतो. त्याचा गॅस बंद, भांडी पालथी. आणि भिंतीपलीकडून भाताचा वास आला. धाकटीने पडवीतली चूल पेटवली होती. थोरल्या वहिनीने माझ्याकडे पाहिलं. धाकटीचं घर वेगळं होतं. मयत तिच्या घरी झालंच नव्हतं.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच. तुझा शेवटचा पत्ता होता तिथे आज नुसता खड्डा आहे. पण एक गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. त्या दिवशी मी उठून पलीकडे गेले. बोलायला म्हणून गेले होते, भांडायला. धाकटीने ताट पुढे केलं आणि मी तुझ्या चुलीपुढे बसून जेवले. मला फार भूक लागली होती, आय. भात तुझ्या हातच्यासारखाच झाला होता. मी आणखी मागून घेतला.