औलीत बर्फ नाही, आजोबा

औली, १० नोव्हेंबर

ती. आजोबा यांस,
सविनय जयभीम. वि. वि.

फोनवर तुम्हाला माझं बोलणं ऐकू जात नाही, आणि आजी दोनच गोष्टी विचारते, जेवलीस का आणि कधी येतेस. म्हणून हे पत्र.

औलीत बर्फ नाही, आजोबा. मागच्या महिन्यात इथं अवेळी मोठा बर्फ पडला, ते तुम्ही टीव्हीवर पाहिलंच. त्या भरवशावर कोच सुकन्या मॅडमनी आमची तुकडी लवकर इथं आणली. आम्ही पोचेपर्यंत कडक ऊन पडलं आणि सगळा बर्फ वितळून गेला. आता उतारावर पिवळं गवत आहे, त्यावर खेचरं चरतात. आम्ही रस्त्यावरच चाकं लावलेल्या स्कीवर सराव करतो, गेवराईच्या बायपासला करत होते तसाच. फक्त मागून लाल फडकं बांधलेली तुमची स्कूटर नाही.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात गुलमर्गला भारतीय स्की संघाची निवड आहे. संघटनेचे एक साहेब म्हणाले की महाराष्ट्राच्या मुलींनी सध्या घरी जावं, पुढच्या वर्षी बघू. बाकीच्या गेल्या. डोलमा नावाची लाहौलची मुलगी माझ्या खोलीत आहे. ती म्हणाली, सिस्सूजवळ आमच्या गावाला चल, वर डोंगरात बर्फ मिळेल. मॅडम दोघींसोबत यायला तयार आहेत. चाकणहून आईबाबांनी होकार दिला, पण आजीला समजावणं तुमच्यावर सोपवलंय. पत्ता खाली लिहिला आहे.

आजीचा राग माझ्या वाटणीचा तुम्हीच झेला. लोभ आहेच, तो थोडा वाढवा.
आपली नात,
अंजली

गेवराई, १८ नोव्हेंबर

चि. अंजलीस,
सप्रेम जयभीम व अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. आजीला वाचून दाखवलं. तिचं म्हणणं असं की पोलीस भरतीचे अर्ज निघालेत, धावण्यात तुझा हात धरणारी तालुक्यात कोणी नाही, मग नसलेल्या बर्फामागं कशाला फिरायचं? दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मला तसंही ऐकू येत नाही, त्यामुळे माझं फार अडलं नाही.

तिसऱ्या दिवशी तिनं शेंगदाण्याची चटणी कुटायला घेतली. कोणासाठी विचारलं, तर म्हणाली, परक्याच्या घरी पोर रिकाम्या हातानं राहती, लोक काय म्हणतील. सोबतचं पार्सल त्या चटणीचंच आहे. होकार म्हणतात तो हाच, असं समज.

आपले पुढारी सुंदरराव पाटील घरी आले होते. तुझा फलक चौकात लावतो म्हणाले. त्यांना मी चहा पाजला आणि सांगितलं, अजून पोरीचा पाय बर्फाला लागला नाही, तवर थांबा. ऊस घेऊन जाणाऱ्या ट्रॅक्टरांनी बायपासचा बाजूचा रस्ता भरला आहे. डायवर लोक अजून विचारतात, काठ्या घेऊन घसरणारी पोर कुठं गेली. लांब गेली, असं सांगतो.

गारठ्यात कान बांधून राहा. एक बहिरा घरात पुरे.
तुझा आजोबा,
सर्जेराव

सिस्सू, २९ नोव्हेंबर

ती. आजोबा यांस,
सविनय जयभीम. वि. वि.

चटणी पोचली आणि संपलीही. डोलमाची आई ती थुक्पा नावाच्या रश्शात घालते. आजीला सांगा, पाहुणीचा मान राहिला.

गावात बर्फ नव्हता. डोलमाचे वडील आम्हाला पहाटे जीपनं वर नेत. तिथं बर्फाचा थर इतका पातळ की खालचे दगड स्कीला घासायचे. माझ्या स्कीला लांब चरा पडला. मॅडमनी मेण भरून तो बुजवला. त्या फोनवर रोज जगभरच्या बर्फाची खबर काढतात. युरोपात उंचावरच्या हिमनद्यांवर लोक घसरायला लागले, खालची गावं अजून कोरडी. जपानात कुठं कुठं नुसता भुरभुरला. आणि गुलमर्गला मात्र गुडघाभर. गेल्या आठवड्यात आमच्याकडेही दोन दिवस सलग पडला आणि खोरं पांढरं झालं.

आता खरं लिहिते. मला जमत नाही, आजोबा. डोलमा चढावर अंगणात फिरल्यासारखी जाते. माझे पाय रुततात, स्कीच्या पट्ट्या मागं घसरतात, मी बदाबदा पडते. ती तीन वर्षांची असल्यापासून यावर चालते. मी डांबरावर शिकले. तिथं जे कमावलं ते इथं उपयोगाचं नाही, असं वाटायला लागलं आहे. साहेब म्हणाले ते कदाचित बरोबर असेल. भरतीचे अर्ज कधीपर्यंत आहेत, ते कळवा.

आजीला यातलं वाचून दाखवू नका. तुमच्या मायेची आज जरा जास्त गरज असलेली,
अंजली

गेवराई, ७ डिसेंबर

चि. अंजलीस,
सप्रेम जयभीम व आशीर्वाद. वि. वि.

अर्जांची तारीख मला माहीत आहे, पण गुलमर्ग होईपर्यंत सांगणार नाही.

मी एसटीत लागलो तेव्हा सपाटीवरचा डायवर होतो. पहिल्याच महिन्यात मला कन्नडच्या घाटात पाठवलं. गाडीत माणसं, समोर धुकं. वळणावर मला दरदरून घाम फुटला. शेजारी कंडक्टर पंडित बसला होता. तो एवढंच म्हणाला की घाई करू नको, घाट कुठं पळून जात नाही. घाट अंगवळणी पडायला मला पावसाळा गेला. तू तर आत्ता कुठं आठवडाभर बर्फावर आहेस.

परवा चहाच्या टपरीवर एकजण हसून म्हणाला, बीडच्या पोरीचं आणि बर्फाचं काय नातं? मी त्याला म्हटलं, "बर्फ काय गाव विचारून पायाखाली येतो व्हय?" नंतर कळलं, मी लई मोठ्यानं बोललो. अख्खी टपरी वळून बघत होती. बघू दे.

पत्र तुझ्या आजीला वाचून दाखवलं नाही. तिनं ते माझ्या उशीखालून काढून स्वतः वाचलं. मग भरतीचा कागद घडी करून फडताळात वर ठेवला.

पड, पण परत उभी राहा. आमचा जीव तुझ्यापाशी.
सर्जेराव

गुलमर्ग, २२ डिसेंबर

ती. आजोबा आणि ती. आजी,
सविनय जयभीम. वि. वि.

निवड झाली. आधी हे, मग बाकीचं.

इथं बर्फ भरपूर होता, हॉटेलं पाहुण्यांनी भरलेली. पण शर्यतीच्या आदल्या दिवशी पाऊस पडला, आणि मागून थंडी आली. सकाळी सगळं मैदान काचेसारखं कडक. शर्यत पुढं ढकला, असं बऱ्याच जणींचं म्हणणं होतं. पंचांनी मार्ग फिरून तपासला आणि ठरल्या वेळीच शर्यत सुरू करायचं ठरवलं.

पहिल्या चढावर मी मागं पडले, पार शेवटच्या घोळक्यात. पुढं सपाटी लागली. मुली पायानं रेटा द्यायला जात आणि पट्ट्या निसटत. मीही एकदा आपटले. उठले तेव्हा लक्षात आलं की हे पायाखालचं मला ओळखीचं आहे. टणक, पाय न रुतणारं, अगदी डांबर. मी पायांचा नाद सोडला, दोन्ही काठ्या एकदम टेकवल्या आणि हातांनी स्वतःला पुढं ओढत निघाले. बायपासवर उन्हात हेच तर करत होते. एकेक पाठ मागं जायला लागली. शेवटी पुढं एकटी डोलमा उरली. तिला गाठता आलं नाही. ती पहिली, मी दुसरी. रेषेपलीकडे दोघी एकमेकींवर पडलो.

ते साहेब भेटले. त्यांनी विचारलं, सरावाला कुठे असतेस? मी म्हणाले, गेवराईला. त्यांनी वहीत तसंच लिहून घेतलं.

जानेवारीत संघ युरोपला जाणार. त्याआधी चार दिवस घरी येते. आजी, मी रोज जेवते.
तुमच्या लोभाची हक्कदार,
अंजली

गेवराई, ३० डिसेंबर

चि. अंजलीस,
भिमाबाईचा जयभीम आन् लई आशीर्वाद.

मी पत्र कधी लिहिलं न्हाई. शाळा चवथीपस्तोर, अक्षर वाकडं हाय, संभाळून घे.

काल नगरपालिकेनं सत्कार ठिवला. तू न्हाईस तर घरच्यांचा करू म्हणले. सुंदररावानी फलक लावलाय. त्यात तुजा फोटो एवढासा आन् त्यांचा केवढा मोठा. तुजा आजोबा नवा सदरा घालून पुढं बसला. मी बायांच्यात मागं बसलते. भाषणावर भाषणं झाली. सर्जेरावच्या नातीनं नाव काढलं, सर्जेराव मागं गाडी घेऊन पळायचे, सर्जेरावच्या घरात हिरा निपजला. ह्येला तर काईच ऐकू येत नव्हतं. सगळे टाळ्या वाजवाले की हा बी वाजवायचा.

मला तू लांब जाया नको होतीस, खरं हाय. मी भांडले, ते बी खरं हाय. पर तू रस्त्यावरनं तापून यायचीस तवा तुज्या पायाला तेल कोण चोळायचं? मी मनात म्हणलं, गप बसायचं. पर बसवलं न्हाई.

मी उठून पुढं गेले. एवढ्या मान्सांत मी कधी बोलले न्हाई. मायकात मोठा आवाज झाला तवा भ्याले. मग म्हणले, "अंजली भिमाबाईची नात हाय. तसं बी लिहा." आन् हार माज्या गळ्यात मी स्वताच घालून घेतला.

बाया लई वेळ टाळ्या वाजवाल्या. आजोबानं घरी आल्यावर विचारलं, तू काय बोललीस. मी त्याच्या कानात मोठ्यानं सांगितलं. तो हसला आन् त्याच्या गळ्यातला हार बी मला दिला.

ये लवकर. माया हाय तशी हाय, ती कुटं जात न्हाई.
अंजलीची आजी,
भिमाबाई सर्जेराव उजगरे