माइकखालची बादली

५ फेब्रुवारी, सोमवार

गाणं वाजत असताना ओकले आणि तरी ‘सुप्रभात’ वेळेवर म्हटलं. रेडिओवरची सकाळ माझी आहे. सात वर्षं माझी आहे. पोटातल्या वाटाण्याएवढ्या जिवाला मला खुर्चीवरून उठवायचं असेल, तर अजून जरा वाढावं लागेल.

टेबलाखाली निळी बादली असते. मास्तरने, म्हणजे काचेपलीकडे बसणाऱ्या आमच्या तंत्रज्ञाने, काही न विचारता आणून ठेवली. गाणं सुरू, माइक बंद, मी खाली. गाणं संपत आलं की तो काचेवर टिचकी मारतो. मी वर.

घरी फक्त नवऱ्याला माहीत. गेल्या वेळी सगळ्या नात्यात डंका पिटला आणि मग एकेकाला फोन करून ‘बाळ राहिलं नाही’ सांगत बसले. यंदा नाही. यंदा पोट दिसेल तेव्हाच लोकांना कळेल.

६ फेब्रुवारी, मंगळवार

लिंबू चोखलं. आलं चघळलं. अंथरुणातच सुकी बिस्किटं खाल्ली. सगळं वर आलं. नवरा म्हणाला, ‘रजा घे ना थोडे दिवस.’ म्हटलं, तू ओक, मी घेते रजा.

८ फेब्रुवारी, गुरुवार

साहेबांनी बोलावलं. ‘आवाज ओढलेला वाटतोय.’ दुपारचा कार्यक्रम करणारीला — मी तिला मधाची बाटली म्हणते, आवाज तसाच ओघळतो — सकाळ द्यायची म्हणतात. ‘तात्पुरती.’ तात्पुरती दिलेली खुर्ची आजवर कुणी परत केलीय?

सर्दी झालीय म्हणून सांगितलं. धडधडीत खोटं. लाज वाटली नाही.

१२ फेब्रुवारी, सोमवार

घात झाला. माझ्याच हाताने!

माइकचं बटण माझ्याकडे. गाणं सुरू केलं, बटण राहिलं, आणि मी बादलीत. मास्तर दोन्ही हातांनी काच बडवत होता. मला वाटलं, गाणं संपलं. तोंड पुसत वर आले आणि म्हटलं, ‘संपलं एवढ्यात?’ तेही गेलं. अख्ख्या शहराच्या न्याहारीवर.

साहेब धावत आत. ‘हे काय चाललंय?’ म्हटलं, ‘मला दिवस गेलेत, साहेब. आणि आता मी बोलणार आहे, बाहेर व्हा.’ बटण दाबलं, माइकचा लाल दिवा लागला. दिवा लागल्यावर आत कुणी ब्र काढायचा नाही, हा नियम त्यांचाच. गेले. शहरालाही तेच सांगितलं.

मग सासूबाईंचा फोन. त्या रोज ऐकतात. म्हणाल्या, ‘पोरी, या वेळी मी काही विचारणार नाही. तू फक्त तुझी खुर्ची सोडू नकोस.’

रडले. मग ओकले.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

फोन थांबत नाहीत. एक बसचालक म्हणाला, ‘ताई, बर्फ चोखा, आमच्या हिला लागू पडला होता.’ एका बाईने किळस आली म्हणून चांगलं झापलं. दोघांचेही आभार मानले.

मधाची बाटली स्वतःहून आली. ‘पहाटे कोण उठणार? मला नको गं बाई तुझी सकाळ.’ साहेब म्हणाले, बघू. म्हणजे जिंकले मी.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार

ओकले. बातम्या वाचल्या. ओकले. हवामान सांगितलं — आकाश निरभ्र राहील. बर्फाने काडीचा फरक नाही. कर त्रास, किती करतोस बघू. मीही तुझीच आई आहे.

१९ फेब्रुवारी, सोमवार

जाग आली आणि काहीच नाही. मळमळ नाही. चहाचा वास आला, चांगला आला. नवरा हसला, ‘सुटलीस एकदाची.’ मग माझ्याकडे बघून दवाखान्यात फोन लावला. गेल्या वेळीही असंच अचानक बरं वाटलं होतं.

मास्तरला कळवलंय — उशीर होईल, गाणी लाव, खुर्चीवर कुणाला बसू देऊ नकोस. आधी दवाखाना.

न्हाणीघरातली बादली सोबत घेतलीय. लागेल. लागायलाच हवी.