डावीकडून तिसरा

१७ नोव्हेंबर, सोमवार

१. पिशोर गावचे जवान सांडू पासष्टच्या युद्धात शहीद झाले. त्यांचा अर्धपुतळा आमच्या कारखान्यात केला.
२. त्यांचा एकच फोटो आहे. एका ओळीत सात जवान. खालच्या कोऱ्या पट्टीत सांडूंनीच सातही नावं उर्दूत लिहिलेली – निजामाच्या काळातली शाळा त्यांची.
३. कारखान्यात पाट्या करणाऱ्या आमरीननं ती वाचून मला यादी पाठवली. सांडू – तिसरं नाव.
४. मी डावीकडून तिसरा चेहरा घेतला. त्यावरून थ्रीडी मॉडेल, साचा, फायबरचा पुतळा.
५. आज चौथऱ्याच्या पाटीसाठी आमरीन तीच पट्टी पुन्हा वाचत होती. तिचं बोट उजवीकडून सरकत होतं.
६. पुतळा दुसऱ्याच माणसाचा झाला आहे.

अनावरण ३० तारखेला. आमरीनला सांगितलं नाही. कोणालाच नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

दोन्ही चेहरे स्क्रीनवर शेजारी ठेवले. मी केलेला जबडा रुंद आहे. खरे सांडू अरुंद हनुवटीचे, डावा कान जरा पुढं आलेला. मॉडेल मिलिमीटरपर्यंत अचूक – चुकीच्या माणसाशी!

नवं डोकं करायला पाच दिवस लागतील. हातात बारा आहेत; गप्प बसले तो प्रत्येक दिवस त्यातून वजा.

२० नोव्हेंबर, गुरुवार

पुतळा पसंत करायला कडूबाई आल्या. सांडूंच्या पत्नी, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. सोबत पुतणे आप्पासाहेब. फोटो त्यांनीच आणून दिला होता – "काकूला नका विचारू, तिचं बीपी वाढतं." म्हणून मी विचारलंच नव्हतं. विचारायला हवं होतं.

पुतळ्यासमोर त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. जबड्यावरून बोट फिरवलं.

"काय काकू, हायेत ना काका?"

"व्हय."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आप्पासाहेबांनी पेढे वाटले. मी पाणी आणायच्या निमित्तानं बाहेर गेले. पेढा हातातच राहिला होता.

२२ नोव्हेंबर, शनिवार

मालकांना सांगितलं – सुदर्शनदादांना. सगळं. फोटोवर बोट ठेवून.

"बाईनं ओळखलं ना? मग मिटलं!"

मी म्हटलं, नाही मिटलं. ते मला गोदामात घेऊन गेले. "ते बघा मॅडम. गांधीजींचा चष्मा काढा, नेताजींची टोपी काढा, लिंकनची दाढी काढा. किती लोक ओळखतील? लोक खुणा बघतात. तोंड कोण बघतंय?"

खरं आहे. दोन पुढाऱ्यांना आम्ही एकच धड वापरतो, तक्रार आलेली नाही. पण त्यांचे हजारो फोटो आहेत. या माणसाचा चेहरा जगात एकाच ठिकाणी आहे, हरभऱ्याच्या दाण्याएवढा. आणि तो मी मोजताना चुकले.

"आता तोंड उघडू नका," म्हणाले. "म्हातारीचं समाधान कशाला हिसकावता?"



२३ नोव्हेंबर, रविवार

आप्पासाहेबांना फोन लावला. उचलायच्या आत कापला. दोनदा!

२४ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी आप्पासाहेबांच्या मुलीच्या, अपेक्षाच्या फोनवरून व्हॉट्सॲपवर रेकॉर्डिंग आलं. आवाज कडूबाईंचा. चार वेळा ऐकलं. जसंच्या तसं उतरवते:

"पोरी, त्यो आमचा मालक नाय. त्यो यांच्या पलटणीतला रहीमभाई. हे गेल्यावर यांची पेटी घेऊन त्योच दारात आला व्हता, त्याचं तोंड मी कशी इसरन? चारचौघांत आप्पाची मान खाली जाईन म्हून व्हय म्हणले. बुधवारी आप्पा पुतळा न्यायला येतोय. मला यांचं तोंड बघायचंय. जमन का नाय, मंगळवारपस्तोर सांग."