उपवासाच्या दळणातली ज्वारी

अण्णा, कळंबला आपली गिरणी होती तिथं आता मोबाइलचं दुकान आहे. दिवसभर गिऱ्हाइकांना रिंगटोन वाजवून दाखवतात. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी त्या दुकानावरून जाताना मी अजून ओठ घट्ट मिटते, पीठ तोंडात जाईल म्हणून.

गिरणी चालू असली की बायका डबे पुढं करून ओरडायच्या, बारीक काढा, जाड काढा. तुम्ही मात्र हळूच बोलायचात आणि तरी सगळ्यांना ऐकू जायचं. मी विचारलं तेव्हा म्हणालात, "गिरणीच्या वर आवाज चढवला तर गिरणीच जिंकती, माय. तिच्या खालनं बोलावं." मग त्याच दमात म्हणालात की देवही तसाच बोलतो. मी तेव्हा नववीत होते, म्हणजे जगातली सगळ्यात हुशार बाई. मी म्हटलं, "मला तर कधी काही बोलला न्हाय." तुम्ही अंगावरचं पीठ झटकलंत. "जे ऐकून बरं वाटतं ते आपलंच असतं. जे ऐकून चप्पल घालावी लागती, ते त्याचं."

नवरात्राच्या पहिल्या दिवशी सकाळी तुम्ही दगड उघडून ब्रशनं साफ करायचात आणि दारावर खडूनं लिहायचात, 'आज फक्त उपवासाचं'. त्या वर्षी दुपारी तुम्ही जेवायला घरी गेलात आणि मला बसवलंत. माझ्या मांडीवर एक रहस्यकथा होती, खून झालेला होता, खुनी सापडायचा होता. एक बाप्या ज्वारीचा डबा घेऊन आला. घरी पाहुणे आलेत, ताई, एवढंच दळून द्या. नाही म्हणायला दहा मिनिटं गेली असती, दळायला पाचच. मी दळून दिलं. त्याच्यामागं आपल्या गल्लीतल्या काकू राजगिरा घेऊन आल्या. नऊ दिवस त्या धान्याला शिवायच्या नाहीत. दगड तसाच होता. मी पुस्तकातून मान वर न करता राजगिरा वर ओतला आणि पीठ त्यांच्या हातात दिलं.

तुम्ही आलात, पीठ पडतं त्या तोंडाशी बोट फिरवलंत, जिभेला लावलंत. "ज्वारी कुणाची?"

"कुणाची न्हाय."

तुम्ही बोट पुसलंत. खुर्चीवर बसलात आणि खोकलात, तो तुमचा पिठाचा कोरडा खोकला. मी पुस्तक उघडलं. खुनी कोण हे त्या पानावर होतं आणि मला वाचता येईना. गिरणीच्या खालून कुणीतरी म्हणत होतं, त्यांनी तवा ठेवायच्या आत सांग. मी वादही घातला. चिमूटभर ज्वारीनं देवीचं काय बिघडतंय? तिला एवढ्या लोकांचं बघायचं असतं. आवाज वाद घालत नव्हता. तेवढंच पुन्हा म्हणत होता. शेवटी मी चप्पल घातली.

काकूंनी थालीपीठ थापायला घेतलं होतं. मी सांगितलं. त्यांनी ओल्या हातानं मला नखशिखांत न्याहाळलं. "तुझा बाप एवढा देवमाणूस, आन् तू कुठनं आलीस ग?" मग तेच थालीपीठ तव्यावर टाकलं आणि माझ्यापुढं ठेवलं. "खा आता. तुला कुठं उपास हाय." स्वतः कपभर दूध पिऊन बसल्या. तसं थालीपीठ मी पुन्हा खाल्लं नाही.

अण्णा, मी आता दर रविवारी पेपरात लोकांची टोपी उडवते आणि त्याचे मला पैसे मिळतात. माझ्या ओळखीत ज्यांच्याशी देव बोलतो, त्यांना तो हमखास रोड टच प्लॉट घ्यायला सांगतो. चप्पल घालायला कुणालाच सांगत नाही, फार तर गाडी काढायला. गेल्या महिन्यात मी आमच्या कॉलनीतल्या एका रिटायर काकांवर लिहिलं. ते रोज सकाळी तुळशीला पाणी घालताना देवीशी मोठ्यानं गप्पा मारतात, भाजीच्या भावापासून सुनेपर्यंत. नाव नव्हतं, पण सगळ्यांनी ओळखलं. फोनवर हसण्याचा पाऊस पडला. काकांच्या सकाळच्या गप्पा मात्र बंद झाल्या. तुळशीला सून पाणी घालायला लागली.

मला ते दिसत होतं. मी टीव्ही लावला, फोन चाळला, पुढच्या रविवारचं लिहायला घेतलं. कोपऱ्यावरच्या मंडळाचा भोंगाही मदतीला होता. या सगळ्याच्या खालून तेच, तेवढंच: जा. काल सकाळी गेले.

काका दारातच होते. "या. लई दिवसांनी."

"चुकलं माझं, काका. तुमच्यावर लिहायला नको होतं."

त्यांनी मला आत घेतलं, चहा पुढं ठेवला. "व्हय, लागलं मला." मग म्हणाले, "देवी म्हणलीच होती, येईल ती म्हणून."

अण्णा, माझ्या जिभेवर एक वाक्य आलं होतं. असं वाक्य वर्षातून एकदा येतं. मी ते चहाबरोबर गिळलं. निघताना त्यांनी विचारलं, "हे बी पेपरात येणार का?" मी नाही म्हटलं. म्हणून हे तुम्हाला लिहितेय, आणि तुमच्याकडं पोस्ट जात नाही हे बरंच आहे. आज सकाळी काकांच्या तुळशीकडून बोलणं ऐकू आलं. कोथिंबीर महागलीय.

एक सांगायचं राहिलं. देव माझ्याशी बोलत नाही असं मी चारचौघांत सांगत असते. ते खोटं आहे. बोलतो. फक्त बोलायच्या आधी कोरडं खोकतो, आणि मग मला कळत नाही की त्यातलं त्याचं किती आणि तुमचं किती. मी कधी नीट तपासायलाही गेले नाही.