हात लावू नये

३ जून, सोमवार
नवी नोकरी, खिडकीजवळची जागा आणि पहिल्याच दिवशी साहेबांनी स्वतः चहा आणून दिला. स्वारी खूश! आमचं टूल गिऱ्हाइकांच्या जावा प्रोग्रॅममधली नावं पुसून तिथे निरर्थक अक्षरं घालतं, म्हणजे चोराला चोरूनही काही उमगू नये. त्याला एकच खोड आहे. देवनागरी नाव दिसलं की ते प्रत्येक अक्षराचं प्रश्नचिन्ह करतं. मग सारख्या लांबीची दोन नावं त्याला एकच वाटतात. ते आधी कधी पाहिलेलं लक्षात ठेवतं, नवं टाकून देतं. ही खोड काढायला मला घेतलंय. या खुर्चीवर आधी बसायची तिला सगळे एक्का म्हणत. तिचा निळा स्वेटर अजून खुर्चीच्या पाठीवरच आहे.

५ जून
साहेब म्हणाले, एक्का असती तर दुपारपर्यंत उरकलं असतं. शेजारचा टेस्टर म्हणाला, तिचा हात लागला की काम फत्ते. ती एक्का, मग मी काय दुर्री? घरी नवऱ्याला सांगितलं, तर पठ्ठ्या विचारतो, कोण गं ही एवढी हुशार? अंगाचा नुसता तिळपापड झाला.

१० जून
टूल आम्ही त्याच्या स्वतःच्या प्रोग्रॅमवरही चालवतो. आत तिचं खरं नाव सापडलं, देवनागरीत, आणि त्यावर टूलसाठी नियम: हात लावू नये, म्हणजे हे नाव पुसायचं नाही. नोकरी सोडली तरी मानाचं पान हिलाच! खोडलं. तिथे माझं घातलं. दोन्ही चार अक्षरांचीच. खोड उद्या काढू म्हटलं, आणि टूल चालवलं. जरा गार वाटलं.

११ जून
साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. म्हणाले, शाब्बास एक्का! वाटलं, थट्टा करताहेत. कोणीच हसलं नाही. दाराशी ओळखपत्र लावलं, तर पडद्यावर चार प्रश्नचिन्हं. दार उघडलं.

१२ जून
निळा स्वेटर आमच्या घरी, खुंटीवर. नवरा म्हणाला, तुझा आवडता ना. इतक्या प्रेमाने बघत होता. माझ्याकडे असं कधी बघितलं नाही त्याने. तिच्याकडे बघत होता. जीव जळतो नुसता.

१३ जून
खोड काढली. पुन्हा चालवलं. तिचं नाव आलं, स्वच्छ. माझं कुठेच नाही— आईला फोन केला. म्हणाली, कोण बोलतंय? म्हटलं, अगं, मी! म्हणाली, मला मुलगी नाही, बाई.

१४ जून
स्वेटर अंगावर. मी घातला नाही— पेनाने लिहितेय, कागदावर. हे तरी पुसलं जाणार नाही. माझं नाव ????
पुन्हा. माझं नाव ????
तो हाक मारतोय तिला. किती गोड— आणि मी ओ दे—