ब्रेकचा दांडा

आबा, परवा भाऊ पाचोऱ्याला येऊन गेला. माझ्या नातवानं गिअरची सायकल घेतली आहे, ती बघायला म्हणून आला आणि चहा निवेपर्यंत तिचे ब्रेकच दाबत बसला. पुढचा, मागचा, परत पुढचा. पोरगं कंटाळून म्हणालं, "आजोबा, नवी कोरी आहे हो, कालच आणली." तर भाऊ त्याच्यावर खेकसला, "नव्याचं कौतुक मला सांगू नकोस. माझा बाप धुळ्यातला एक नंबरचा मिस्तरी. साऱ्या गावाच्या सायकली तपासल्या आणि स्वतःच्या सायकलीचा ब्रेक तेवढा तपासला नाही. त्यातच गेला." हे वाक्य मी आजवर कितीदा ऐकलं असेल! लग्नात ऐकलं, बारशात ऐकलं, दर वेळी मान खाली घालून चहा गाळत राहिले. या वेळी मात्र राग आला. राग कुणाचा म्हणाल, तर तुमचाच. इतकं चोख काम करून ठेवायचं आणि ते सांगायला मागं राहायचं नाही, ही कुठली रीत? म्हणून लिहायला बसले आहे.

ती काळी सायकल तुम्ही विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाच्या बंगल्यावरून आणली होती. माझ्या जन्माच्याही आधी. फिक्स चाकाची. फिक्स म्हणजे काय हे नातवाला समजावताना माझा दम निघाला. चाक फिरेल तोवर पायडल फिरणारच, उतारावर पाय ठेवून आरामात बसायची सोय नाही, आणि थांबायचं तर पायांनीच उलटा जोर द्यायचा. पुढच्या टायरवर वरून दाबणारा एक ब्रेक होता खरा. मुठीजवळची पट्टी ओढली की दांडा खाली उतरायचा आणि रबराचा गट्टू टायरवर बसायचा. पण तो तुम्ही ओढलेला मी काही बघितला नाही. आपल्या घरासमोरून पांझरा नदीकडे उतरणारा तो रस्ता, भल्याभल्यांची तिथं तारांबळ उडायची, आणि तुम्ही नुसते पाय आवळत असे उतरायचात की धोतराचा सोगाही हलू नये. माय म्हणायची, "यास्ना ब्रेक पायमा शे." तुम्ही मिशीतल्या मिशीत हसायचात.

भाऊला सोनगीरच्या मारवाडी शेठजींच्या पेढीवर नोकरी लागली आणि ती सायकल त्याच्याकडे गेली. आग्रा रोडनं रोज जायचं, रोज यायचं, चढावर पाय मोडायचे आणि उतारावर पायांनीच गाडी रोखायची. वर्षभरात त्याचे गुडघे सुजून आले. मी तेव्हा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले होते. माय एका हातानं माझ्या पायांना तेल लावायची आणि दुसऱ्या हातानं त्याच्या गुडघ्यावर एरंडाची पानं शेकून बांधायची. तो कण्हत कण्हत तुमच्या मागं लागायचा, "आबा, फ्रीव्हील टाकी द्या ना. बठ्ठा गाव उतारवर पाय थांबाडीसन बठस, मीच एकला घाण्याना बैल."

तुम्ही ओट्यावर कुणाची तरी चेन रॉकेलमध्ये धूत होतात. मान वर न करता म्हणालात, "फ्रीव्हील टाकी देसू. मंग थांबशी कसा?"

"पुढे ब्रेक शे ना."

"एक गट्टू शे पुढे. फ्रीव्हील टाकं का मांगे बी ब्रेक पाहिजे. मांगला ब्रेक लावाना म्हनजे रिम बदलनी पडी. अन् रिम कोठे शे? रिम गई लढाईवर."

ते खरंच होतं. लढाई सुरू झाल्यापासून विलायती माल आटला होता. तुम्ही जळगावला दोनदा जाऊन हात हलवत परत आला होतात. आपल्या सायकलीची मागची रिम जुन्या घडणीची, आतून गोल. मागच्या ब्रेकचे गट्टू टेकायला सपाट कड लागते, ती तिला नव्हतीच. दुसरा कुणी मिस्तरी असता तर कानशीनं घासून, पत्रा ठोकून काहीतरी जमवलं असतं. तुमचं तसं नाही. नट नव्या आट्यावर आधी दोन बोटांनी फिरला पाहिजे, मगच त्याला पाना. बोटांनी न जाणाऱ्याला पान्यानं घातलं तर तुम्ही म्हणायचात की हे जबरीचं लग्न आहे, आज ना उद्या पोरगी विहीर जवळ करणार. मी पोटुशी, तिथंच बसलेली, आणि तुम्ही असलं बोलायचात! माय आतून ओरडायची, "जीभले हाड शे का तुम्हना?"

पण शेवटी तिनंच तुम्हाला वाकवलं. एके दिवशी भाऊ सायकल हातात धरून लंगडत घरी आला तेव्हा ती तुमच्यासमोर येऊन उभी राहिली. म्हणाली, "पोऱ्याना गुडघा देखा जरा. तुम्हनी रिम येवाले चार वर्सं लागतीन, तवलग तो लंगडा व्हई जाई." आधी ब्रेक, मग फ्रीव्हील, हा तुमचा क्रम होता, आणि तुम्ही क्रम मोडलेला मी कधीच पाहिला नव्हता. त्या दिवशी मोडलात. मला आठवतं, हातातला पाना तुम्ही खाली ठेवला आणि परत उचलला. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. गर्भारपणातले मनाचे खेळ म्हणून मी ते झटकून टाकलं.

एकदा हात घातल्यावर मात्र काम तुमचंच. जुनं फिक्स चक्र काढलं, हबच्या आट्यावर फ्रीव्हील बोटांनी फिरवून बघितलं, ते सुरेख बसलं. जुनी चेन त्याच्या दातांत बसेना म्हणून चेन बदलली. नवी चेन पुढच्या झिजलेल्या चक्रावरून सटकायला लागली म्हणून ते चक्र बदललं, पेटाऱ्यातली चार चक्रं लावून बघितल्यावर पाचवं जमलं. एका सांध्याला हात लावला की पुढचा सांधा कुरकुरणार, तुम्ही त्याच्याकडे जाणार, मग त्याच्या पुढचा. राहिली ती मागची रिम. ती आली की मागचा ब्रेक, असं ठरलं. तोवर पुढच्या ब्रेकला तुम्ही नवा गट्टू घातलात, दांडा सरळ केलात, सांध्याला तेल दिलंत, आणि उभ्या सायकलीचं चाक फिरवून तो पन्नास वेळा तरी ओढून बघितलात. दर वेळी चाक जागच्या जागी थांबलं. मी होते तिथं. मी बघितलं आहे.

मग चाक नुसतं फिरत सोडलंत. ती सायकल कधी आवाज करत नसे, आणि आता घरभर टकटक टकटक. माय भाकरी थापत होती. तिनं पिठाच्या हातानं जमिनीवर तीनदा टिचकी मारली आणि "कृष्ण, कृष्ण" म्हणाली. तिला वाटलं पाल बोलली. कळल्यावर भाऊ पोट धरून हसला. तुम्ही नाही हसलात. तुम्ही त्याला जवळ बसवून घेतलंत आणि चार दिवस एकच गोष्ट घोकून घेतलीत, "पायवर भरोसा ठेवू नको. पाय आडानी शे, त्याले जुनंच याद ऱ्हास. हातले शिकाड." भाऊ वैतागून म्हणायचा की मित्रांच्या फ्रीव्हीलच्या सायकली मी कधीचा चालवतो आहे, माझ्या हाताला सगळं येतं. ते खरं होतं. त्याच्या हाताला येत होतं. आम्ही सगळे चिंता करत होतो ती त्याची.

दुरुस्त केलेल्या सायकलीवर आधी मिस्तरी बसेल, मग गिऱ्हाईक, हा तुमचा दुसरा नियम. हा काही तुम्ही मोडला नाहीत. त्या सकाळी भाऊ सर्व्हिस मोटारीनं सोनगीरला गेला होता, संध्याकाळी सायकल त्याच्या ताब्यात द्यायची होती. तुम्ही टोपी घातलीत, टायर दाबून बघितलेत, ब्रेक पुन्हा एकदा ओढून बघितलात आणि निघालात. मी ओट्याच्या खांबाला टेकून उभी होते. उतार लागला. खालून नदीकडून एक कापसाची गाडी वर चढत होती, बैल रस्ता अडवून. काही घाबरण्यासारखं नव्हतं, तुम्ही शंभरदा अशा गाड्यांना वाट दिली असेल. मग मी तुमचे पाय बघितले. ते मागं जात होते. आबा, तुम्ही नेहमीसारखे पाय आवळलेत आणि ते उलटे फिरले, रिकामे, पुन्हा फिरले, आणि ती टकटक मला वरपर्यंत ऐकू आली. हात मुठींवर घट्ट होते. पट्टी बोटाखालीच होती. तीस वर्षांच्या पायांनी हातांना बोलूच दिलं नाही. मी "ब्रेक!" म्हणून ओरडले, पण पोट सांभाळत ओरडलेल्या बाईचा आवाज कितीसा जाणार? तुम्ही बैलांना चुकवलंत आणि कडेच्या दगडांवर गेलात.

तुम्हाला आणून पडवीत निजवलं तेव्हा सगळं संपलं होतं. कुणी भाऊला आणायला सोनगीरला गेलं, कुणी सायकल आणून परसात टाकली. बायका माझ्याभोवती बसल्या होत्या, मला उठू देत नव्हत्या. माय पाण्याचं निमित्त करून मागं गेली ती येईना, म्हणून मी गेले. ती सायकलीजवळ उकिडवी बसली होती. पुढचं चाक वाकलं होतं, पण ब्रेकचा दांडा जसाच्या तसा सरळ होता. टायरवर धूळ होती, गट्टूखालीसुद्धा, अगदी अखंड. ब्रेक ओढला असता तर ती धूळ पुसली गेली असती. मिस्तरीची बायको ती, तिला एका नजरेत कळलं. भाऊलाही एका नजरेत कळलं असतं आणि तो स्वतःला म्हणाला असता: ब्रेक शाबूत, आबांनी तो ओढलाच नाही, पाय उलटे मारले, आणि पायांना दगा दिला तो फ्रीव्हीलनं, जे मी मागून घेतलं. मायनं तुमचीच हातोडी घेतली, दांड्याखाली दगड ठेवला आणि सांध्यावर घाव घातला. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा सांधा तुटला. मग तिनं ओल्या पदरानं टायरवरची धूळ पुसली.

ब्रेक तुटला असंच सांगायचं, हे बजावत, माझ्याकडे वळून न बघता म्हणाली, "ब्रेक तुटना. समजनं का तुले? ब्रेकच तुटना."

मी म्हणाले, "माय, आबांचं नाव..."

"तुना आबा गया. मना पोऱ्या जगना पाहिजे."

ते तिनं नुसतं भाऊसाठीच केलं का, की फ्रीव्हीलसाठी तुमच्यामागं लकडा लावला होता म्हणून स्वतःसाठीही, हे मी तिला कधी विचारलं नाही. विचारायची छाती कुणाची होती? भाऊ आला, तुमच्या पायांशी पडला, मग मागं जाऊन तो तुटका सांधा हातात घेऊन बसला. "ब्रेक तुटला," असं त्यानंच सगळ्यांना सांगितलं. गावाला मग काय लागतं? ज्याचा स्वतःचा ब्रेक तुटला त्यानं आमचे काय बसवले असतील, म्हणून लोकांनी तुमच्या हातच्या सायकली दुसरीकडे नेऊन खोलून घेतल्या. एकीतही खोट निघाली नाही, पण ते कोण सांगत बसतो. तुमचे पाने भंगारात गेले. भाऊ जगला, पेढीवर मुनीम झाला, नातवंडं खेळवली. मायनं हिशेब बरोबर केला होता, असं मला रोज वाटतं, आणि तुमचा फोटो पुसताना वाटत नाही.

परवा निघताना भाऊ दारात थांबला. त्याचंही वय झालं आता, गुडघे परत धरले आहेत. म्हणाला, "अक्का, तू तर ओट्यावरच होतीस. ब्रेक तुटल्याचा आवाज आला होता का गं?"

मी म्हणाले, "आला होता."

आबा, तुमचा ब्रेक चांगला होता. दांडा सरळ होता, गट्टू नवा होता, चाक जागच्या जागी थांबत होतं. हे तुमच्याशिवाय सांगू तरी कुणाला? पण पत्र टाकायचं कुठं? तुमचा पत्ता मला एकच ठाऊक आहे, धुळ्याचं घर, आणि तिथं आता भाऊ राहतो, टपालही तोच घेतो. हे माझ्या ध्यानात नव्हतं असं म्हणणार होते. खोटं कशाला बोलू? ध्यानात होतं. तरी मी पाकीट आणलं, तिकीट लावलं आणि पत्ता पुरता लिहिला, गल्लीसकट. मग ते रिकामं पाकीट फाडून चुलीत घातलं आणि चहा ठेवला.