माझा बोनमॅरो प्रितेशला चालणार नाय

आये, पनवेलहून विठू तुझ्या पाया पडतो.

मी बरा हाय. विचुंब्याला बिल्डिंगमधे लाद्या बसवतो. तू धाडलेले सुके बोंबील पोचले.

रिपोर्ट आला. धाकट्या भावाशी, प्रितेशशी माझं सगळं जुळलं, तरी बोनमॅरो घेणार नायत. अंगात प्रोटीन बनवायची बारीक मशीन असते. तिच्या एका पार्टचा जीन त्याचा बिघडलाय, म्हणून रक्त बनत नाय. तोच माझाबी बिघडलेला निघाला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुला त्रास नाही, नशीब समज."

मी म्हटलं, "मॅडम, मग नशीबच काढून त्याला द्या."

हा बिघाड कुणाकडून आला ते बाबांशी भांडून शोधू नको. प्रितेशसाठी एकवीरेला नवस बोललेला बोकड अजून पाळतेस काय?

प्रितेशला तूच सांग. त्याचा फोन वाजतो, मी उचलत नाय.

तुझा,
विठू